एकाच रविवारी दोन परीक्षा

लोवेला तोरेफिएल ही माझ्या नवऱ्याच्या चुलत भावाची मुलगी. आमच्या दोन घरांमध्ये बांबूचं कुंपण आहे, पण ते कोंबड्यांसाठी. माणसांनी ते कधी मानलं नाही. शाळा सुटली की ती आधी माझ्या खाणावळीत यायची, भाताच्या पातेल्याचं झाकण उचलून बघायची आणि मग स्वतःच्या घरी जायची.

तिची आई एर्मिंदा कपडे शिवते. शाळेचे गणवेश, लग्नाचे झगे, आणि शहरात नर्सिंग शिकायला जाणाऱ्या पोरींचे पांढरे पोशाख. आमच्या तिगबावान गावातली नर्स झालेली बहुतेक प्रत्येक मुलगी कधी ना कधी एर्मिंदाच्या आरशासमोर हात पसरून उभी राहिलेली आहे. बाप रोदितो जहाजावर ऑइलर. इंजिनाच्या खोलीत वंगण घालायचं, तेल बघायचं, यंत्रं पुसायची. वर्षातला बहुतेक काळ समुद्रावर, उरलेला घरी. घरी आला की किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करायचा आणि कुणी काही विचारलं तर "हं" म्हणायचा. हो असलं तरी हं, नाही असलं तरी हं. लोक म्हणायचे, समुद्र माणसाला मुका करतो. एर्मिंदा म्हणायची, समुद्राचं माहीत नाही, हा माणूसच तसला.

लोवेलाला इंजिनाचं वेड होतं. तिच्या मामाची इंजिनाची होडी होती. रविवारी प्रार्थना झाली की ही चर्चचा फ्रॉक बदलून किनाऱ्यावर, आणि संध्याकाळी परत यायची ती कोपरापर्यंत काळी होऊन. फार हुशार कारागीर होती असं नाही. उघडलेलं इंजिन परत बसवताना कधी एखादा तुकडा उरायचा. मामा तो खिशात टाकायचा आणि म्हणायचा, "चालतंय ना? मग तो जास्तीचाच होता."

शाळेचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा तिच्यापुढे दोन परीक्षा होत्या. एक सरकारी विद्यापीठाची, तिथल्या नर्सिंगसाठी. ती आईला हवी होती. दुसरी शहरातल्या नौका महाविद्यालयाची, जहाजाची इंजिनिअर व्हायला. ती हिला हवी होती. पण घरात त्यावरून भांडण असं झालं नव्हतं, कारण दोन्ही परीक्षांच्या तारखा वेगळ्या होत्या. एर्मिंदा म्हणाली होती, "दोन्ही दे. देवाला जे करायचंय ते तो करेल." तिच्या मनात देव नर्सिंगच्या बाजूचा होता. लोवेलाच्या मनात देवाला इंजिनं आवडत होती. सगळं ठीक चाललं होतं.

मग वादळ आलं. आमच्याकडे ते नुसतं चाटून गेलं, पण वरच्या बेटांवर शाळांचे पत्रे उडाले, आणि विद्यापीठाने परीक्षा पुढे ढकलली. नवी तारीख आली ती नेमकी नौका महाविद्यालयाच्या रविवारीच.

वर्गात बाईंनी तारीख वाचून दाखवली तेव्हा लोवेला उभी राहिली म्हणे.

"मॅम, त्याच दिवशी माझी दुसरी आहे."

"तू दोन आहेस का?"

"नाही, मॅम."

"मग एक निवड आणि खाली बस."

आमच्या गावात एकाच्या घरचा प्रश्न एकाच्याच घरात राहत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बाकांवर तोच विषय. तीनचाकी चालवणारा बेनोय मासळीचं हाड चोखत म्हणाला, "पोरगी बोटीवर गेली तर लग्न कोण करणार तिच्याशी? नवरा काय घरी बसून पोराचे कपडे धुणार?"

"का रे," मी म्हटलं, "तू घरी असतोस तेव्हा कोण धुतं?"

सगळे हसले. बेनोयही हसला, आणि आणखी भात मागितला.

एर्मिंदा मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती टाचण्या तोंडात धरून कापड कापत होती, लोवेला दारात उभी, आणि मी दोघींच्या मध्ये अडकलेली.

"नानय," लोवेला आईला म्हणाली, "तुला पांढरा गणवेशच हवाय ना? कॅडेटचाही पांढराच असतो."

एर्मिंदाने टाचण्या काढल्या. "असतो. पण नर्सचा गणवेश रात्री घरी येतो."

"अगं, आपल्या नर्सा लंडनला जातात," मी म्हटलं. "त्या कुठे रात्री घरी येतात?"

"लंडन जमिनीवर आहे, सालुद."

लग्न झाल्यापासून एर्मिंदाने सणांच्या दिवशी दारात उभं राहून लोकांच्या नवऱ्यांना घरी येताना बघितलं होतं. लोवेलाच्या जन्माच्या वेळी रोदितो कुठल्या तरी बंदरात होता. सासूला मूठमाती दिली तेव्हाही तो समुद्रावर होता, आणि शवपेटी हिने आणि माझ्या नवऱ्याने खांद्यावर घेतली. रेडिओवर जहाज बुडाल्याची बातमी लागली की ती शिवणयंत्र थांबवायची, नाव ऐकायची आणि परत पाय मारायची. हे सगळं एकदा भोगून झालं होतं. परत पोरीसाठी पहिल्यापासून भोगायची तिची तयारी नव्हती.

"तुझा तातय येतोय शुक्रवारी," ती म्हणाली. "तो सांगेल तुला समुद्र काय असतो ते. त्याने हो म्हटलं तर जा."

ही तिची चाल होती. तिला खात्री होती की रोदितो नाही म्हणेल. लोवेलाला खात्री होती की तो हो म्हणेल. रोदितो आला, चॉकलेटं वाटली, झोप काढली, आणि दोघींनी वेगवेगळं विचारलं तेव्हा दोघींनाही "हं" म्हणाला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो किनाऱ्यावर मेहुण्याच्या होडीच्या इंजिनाचं झाकण काढून बसला होता. लोवेला तिथे गेली. पुढचं सगळं तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, माझ्या चुलीपाशी बसून, आणि सांगताना कधी हसत होती, कधी नाक पुसत होती.

ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली. इंजिन चालू होतं. तिने सगळा धीर गोळा केला आणि म्हणाली, "तातय, तुम्ही जाऊ नको म्हणा, मी नाही जाणार. जा म्हणा, जाईन. पण हं म्हणू नका."

त्याने "हं"सुद्धा म्हटलं नाही. पान्हा फिरवत राहिला.

तिला इतका राग आला की ती परत फिरली. चार पावलं गेली आणि थांबली. तिला काहीतरी खटकलं. ती मागे आली, वाकून इंजिन बंद केलं आणि त्याच्या पाठीमागून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "तातय, तुमच्या मानेवर खेकडा चढलाय."

तो हललाही नाही. इंजिन का थांबलं म्हणून त्याकडेच बघत राहिला.

ती वळसा घालून त्याच्या समोर गेली. तिचा चेहरा बघून त्यानेच विचारलं, "काय झालं?"

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"येतं."

"खोटं."

त्याने पान्हा खाली ठेवला. "समोरून बोललं की कळतं. डाव्या बाजूने थोडं येतं. जाड आवाज येतात." मग थांबून म्हणाला, "बारीक आवाज आधी गेले. तू लहान होतीस, फोनवर काहीबाही सांगायचीस. मी नुसता हं हं करायचो. तुझं गाणं म्हणून झालं की गप्प व्हायचीस, त्यावरून कळायचं की आता शाबास म्हणायचं."

लोवेला वाळूत बसली.

"मग जहाजावर चढण्याआधी कानाच्या तपासणीत दर वेळी पास कसे होता?"

"आवाज आला की बटण दाबायचं असतं. तपासणारा काचेपलीकडे बसतो. तो आवाज सोडतो तेव्हा त्याचा खांदा हलतो."

"नानयला माहीत आहे?"

"तिला सांगितलं असतं तर तिने जाऊच दिलं नसतं."

मग तिने तो प्रश्न परत विचारला, या वेळी समोर बसून, एकेक शब्द मोकळा करून. तो म्हणाला, "मी काय सांगू, इन्दाय, पोरी? माझे कान त्या इंजिनाने खाल्ले. आणि अजून कुठल्या जहाजावर पाय ठेवला की पहिल्यांदा मी खालीच जातो, वर समुद्र बघायला नाही. तळपायाला कळतं मला ते नीट चाललंय की नाही. हे दोन्ही खरं आहे. यातलं कुठलं खरं ऐकून तू परीक्षा देणार?"

"आधी नानयला सांगा," ती म्हणाली.

"कान?"

"कान."

त्या संध्याकाळी कुंपणापलीकडचं सगळं बोलणं आम्हाला पहिल्यांदा ऐकू आलं, कारण एर्मिंदा आता ओरडून बोलत होती.

"म्हणजे इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते?"

"थोडं यायचं ऐकू, पांगा," तो तिच्या लाडाच्या नावाने म्हणाला. "डावीकडून."

"मग मला डावीकडे बसवायचं होतंस!"

"तू नेहमी यंत्राजवळ बसतेस. यंत्र उजवीकडे आहे."

"अरे, मग यंत्र हलवलं असतं मी! मला वाटलं तुला माझा कंटाळा आलाय. मी फादरकडे जाऊन रडलेय त्यावरून!"

मग काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग ती हसायला लागली, आणि मग हसण्याचं रडणं झालं. माझा नवरा उठून तिकडे जायला निघाला होता. मी हात धरून त्याला खाली बसवलं. असल्या वेळी शेजाऱ्याने जाऊ नये.

लोवेला माझ्याकडेच होती. आईबापांना एकटं सोडून आली होती. मी तिला केळीच्या पानातला गोड भात दिला, तो तिने नुसता सोलून ठेवला.

"उद्याचं काय?" मी विचारलं.

"विद्यापीठाची देते, तिया." ती मला तिया म्हणते, म्हणजे काकू.

"ठरलं?"

"तातय आता जाणार नाहीत. नानय जाऊच देणार नाही त्यांना. आणि आत्ता कुठे तिला तिचा माणूस घरी मिळतोय, तर लगेच मी निघाले असं कसं सांगू?"

मला पोरगी शहाणी आहे असं वाटलं, आणि त्या शहाणपणाने वाईटही वाटलं.

रविवारी पहाटेच्या जीपनी गाडीने मायलेकी इलोइलो शहरात गेल्या. वाटेत नौका महाविद्यालयाचं फाटक लागतं. तिथे मुलांची रांग होती, हातात पारदर्शक पिशव्या, पिशवीत पेन्सिली. जीपनी तिथे थांबली, दोन मुलं उतरली. लोवेलाने मान फिरवून बघितलं नाही, आणि एर्मिंदाला तेच लागलं. तिने नंतर मला सांगितलं, "बघितलं असतं तर बरं होतं गं. न बघण्यासाठी केवढा जोर लावत होती."

पेपर तिने मन लावून दिला. मुद्दाम बिघडवला नाही, हे मी शपथेवर सांगते. तो तिचा स्वभाव नाही. पण त्या विद्यापीठात देशभरातली मुलं असतात. काही महिन्यांनी निकाल आला तेव्हा तिचं नाव नव्हतं. माझ्या खाणावळीतल्या फोनवर तिने वरपासून खालपर्यंत बघितलं, मग खालपासून वर.

"नाही," ती म्हणाली, आणि उठून बेनोयला रस्सा वाढला.

रडली ती एर्मिंदा. शिवणाच्या टेबलावर डोकं ठेवून रडली. लोवेला तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, जणू काही नापास आईच झाली होती.

दरम्यान रोदितो शेवटच्या तपासणीला जाऊन आला होता. एर्मिंदाने त्याच्याकडून वचन घेतलं होतं, म्हणून बटण हातात घेऊन तो डोळे मिटून बसला. तपासणाऱ्याने दोनदा यंत्र तपासलं, मग तिसऱ्यांदा त्याच्याकडे बघितलं. झालं. समुद्र संपला. घरी आला आणि मेहुण्याबरोबर किनाऱ्यावर एक पत्र्याची शेड टाकली. गावातल्या होड्यांची इंजिनं तिथे येऊ लागली. लोवेलाचं ते वर्ष मोकळं गेलं. सकाळी ती माझ्याकडे भाज्या चिरायची, दुपारी शेडमध्ये. बापाशी बोलायची तिची एक रीत तयार झाली: आधी त्याच्या दंडाला हात लावायचा, तो वळला की बोलायचं. बाप इतकं बोलू शकतो हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. बोलायचा म्हणजे काय, पिस्टन आणि पंप. पण तासन्‌तास.

एक दिवस एर्मिंदा दुपारची माझ्याकडे आली. गिऱ्हाईक नव्हतं. बाकावर बसली आणि पदर नसताना पदर सावरल्यासारखी गळ्यातली मापाची टेप चाळत राहिली.

"सालुद, निकालाच्या दिवशी ती रडली नाही."

"घट्ट आहे पोरगी."

"घट्ट कसली. परवा मामाने दुसऱ्या गावाहून आणलेल्या त्या जुन्या इंजिनाचा कसलासा दांडा तुटला, तर डोळ्यात पाणी. लोखंडाच्या दांड्यासाठी! आणि विद्यापीठात नाव नाही तर रस्सा वाढत होती." ती जरा थांबली. "ती परीक्षा मीच दिली होती बहुतेक. म्हणून मीच रडले."

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"पुन्हा तारखा आल्यात," ती म्हणाली. "या वर्षी वेगवेगळ्या दिवशी आहेत. दोन्ही देता येतील."

"मग?"

"मी तिला सांगितलं, दोन्ही दे. ती हो म्हणाली. लगेच हो म्हणाली, सालुद. मला भीती वाटते ती तिच्या त्या हो म्हणण्याची. हिचा बाप असाच हं म्हणायचा."

त्या रात्री जेवताना तिने ताट पुढे सारलं आणि लोवेलाला म्हणाली की नर्सिंगचं राहू दे. एवढंच. लोवेलाने विचारलं, "तू मनापासून म्हणतेस?" तर एर्मिंदा भडकली. "मनापासून नाही म्हणत! मनापासून म्हणायला मला अजून दहा वर्षं लागतील. पण म्हणतेय ना? आणि ऐक, मी बरोबर येणार नाही. बापाला घेऊन जा. माझ्याच्याने त्या फाटकापाशी उभं राहवणार नाही."

बाप तिच्याबरोबर गेला. पोरगी आत परीक्षा देत होती आणि बाहेर झाडाखाली पोरांचे बाप बसले होते, बरेचसे जहाजावरचेच. कुणी कुठल्या कंपनीत, कुणी कुठल्या मार्गावर, अशा गप्पा. एकाने रोदितोला विचारलं, "मुलगा कितवा?" रोदितोला नीट ऐकू आलं नाही; तो म्हणाला, "हं, एकच आहे, मुलगी." झाडाखालचं सगळं बोलणं थांबलं म्हणे. मग एक म्हातारा खलाशी सरकला आणि त्याला सावलीत जागा करून दिली.

ती पास झाली. वरच्या नंबरात नाही, मधल्या. या निकालाला मात्र ती माझ्या स्वयंपाकघरात अशी ओरडली की माझ्या हातातला डाव भाताऐवजी राखेत गेला.

पुढचं सोपं होतं असं कुणी समजू नये. शिक्षण झालं, पण उमेदवारीसाठी तिला कुणी जहाजावर घेईना. मनिलात भरती करणाऱ्या एका कचेरीत ती इतर कॅडेटांसारखीच फुकट राबली, फायली उचलल्या, कॉफी केली, साहेबांच्या गाड्या पुसल्या. बरोबरची मुलं एकेक करून निघून गेली. हिला सांगायचे, जहाजावर बाईसाठी वेगळी खोली नाही, पुढच्या वेळी बघू. एकदा फोनवर मला म्हणाली, "तिया, मी चुकले का?" मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. जेवलीस का?" ती जेवली नव्हती. मी म्हटलं आधी जेव, मग चुकलीस की नाही ते बघू. शेवटी एका कंपनीला उमेदवार मुली हव्या होत्या, पण एकटीदुकटी नको, जोडीनेच. त्यांना एक मिळाली होती, दुसरी ही. बाकी नशीब, कर्तबगारी वगैरे काही नाही. दुसरी हवी होती म्हणून ही गेली.

आज ती मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. कानांवर जाड संरक्षक लावल्याशिवाय इंजिनाच्या खोलीत पाऊल टाकत नाही आणि हाताखालच्यांनाही टाकू देत नाही. त्यावरून एका वयस्क ऑइलरशी तिचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो पुढच्या बंदरापर्यंत तिच्याशी बोलला नाही. लग्न झालेलं नाही. बेनोय अजून अधूनमधून तो विषय काढतो. रोदितोने कानाचं यंत्र घेतलंय. रविवारी चर्चला जाताना लावतो, आणि बेनोय शेडमध्ये आला की काढून खिशात ठेवतो.

एर्मिंदाची भीती गेलेली नाही. वाऱ्याने पत्रा वाजला तरी ती जागी होते, आणि समुद्र कुठला, पोरगी कुठे, याचा काही संबंध नसला तरी उठून बसते. फोनवर बोलणं जमत नाही तेव्हा लोवेला बापाला लांबलचक मजकूर पाठवते. दुपारी रोदितो खुर्ची घेऊन शिवणयंत्रापाशी बसतो आणि मोठ्याने वाचतो: कुठल्या पंपाला गळती लागली, कुठला फिल्टर बदलला, तेलाचा दाब किती होता, कोणाला झापलं.

परवा मी कोथिंबीर मागायला गेले होते. वाचन चालूच होतं. एर्मिंदाने यंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"यातलं मला एक अक्षर कळत नाही. पोरगी बरी आहे का?"

रोदितोने वरपासून खालपर्यंत परत नजर फिरवली.

"बरी आहे."

"मग वाच," ती म्हणाली, आणि पायाने यंत्र पुन्हा सुरू केलं.